टाचकाकांच्या चपला

पाऊल टाकण्याआधी उजवी टाच दोनदा आपटायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि मगच पुढे सरकायचं, अशी त्यांची चाल. म्हणून आम्ही त्यांना टाचकाका म्हणायचो. लालबागच्या एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर उठणार होता. त्याआधी तिथे उत्खनन निघालं आणि लोकांनीही हात लावावा असं आवाहन झालं. मी गिरगावातून गेले ती निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून. काका मात्र आपला साचा शोधायला आले होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. आधी वडिलांनी आणि मग काकांनी त्या एकाच साच्यावर जन्म काढला होता. आता निदान त्याची जागा तरी डोळ्यांनी बघायची होती.

"बाये, थांब! हय पोकळ आसा," पहिल्याच दिवशी त्यांनी माझं खुरपं अडवलं. साचेखात्याखाली, सूत तुटू नये म्हणून दमट हवा खेळवणारं भुयार होतं. ते केव्हाच बुजवलंय असं नकाशा सांगत होता आणि उत्खनन चालवणाऱ्या बाई नकाशावर भिस्त ठेवून होत्या. काका आवाज बदलेल तिथे खडूने फुली मारत. फुल्या इतक्या वाढल्या की मला तिथे डबा खाववेना.

"काका, उगाच घाबरवता हं," मी एकदा चिडून म्हटलं.

"घाबरूकच व्हया गो. जमीन आधी सांगता, मगे गिळता," भाकरी मोडत ते शांतपणे म्हणाले.

साच्यापाशी चपला घालून गेलेलं त्यांना खपत नसे. साचे भंगारात गेले होते, तरी एखाद्या साच्याच्या जागेवर कुणी बुटांनी चढलं की त्यांचा चेहरा उतरे.

शेवटच्या आठवड्यात मातीतून साचा फरशीला जखडणारे चार गंजके बोल्ट वर आले. "खांबापासून तिसरो. माझोच!" काकांचा आवाज फुटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी चपला काढून जोडीने ठेवल्या, हात जोडले आणि तरातरा निघाले. अनवाणी टाचेचा आवाज होत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही.

बोल्टपासून दोन पावलांवर फरशी खचली. भुयार बुजवलेलं नव्हतं. काकांना वर काढलं तेव्हा ते गेलेले होते. माझ्या त्या टाळ्या मला अजून सोसत नाहीत.

उत्खनन तिथेच थांबलं. परवा पुतणीने त्याच जागेवर उठलेल्या टॉवरमधलं नमुन्याचं घर बघायला नेलं. चकचकीत फरशीवर लोक फोटो काढत होते. मी दारातच टाच दोनदा आपटली, मान तिरकी केली आणि पुतणीचा हात धरून तिला मागे ओढलं.