पंजाबरावांची राहिलेली खेप

झुंबरबाई आमच्या मोहदरीत पहिल्यांदा आल्या त्या यंदाच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, धाड गावाकडून येणाऱ्या जीपमधून उतरून. ओसरीवर टेकल्या, पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला आणि मला म्हणाल्या, "गोकुळभाऊ, तुमच्या आजाचं नाव आमच्या फाट्यावर उभं हाय. घेऊन जा आता."

सत्तरी ओलांडलेली बाई. सावळा फाट्यावर त्यांचं शेंगा-फुटाण्याचं दुकान आहे, आणि दुकानाशेजारी छातीइतका उंच काळा दगड. एकोणीसशे तीसच्या जंगल सत्याग्रहात आमच्या मोहदरीतल्या माणसांनी राखीव रानातलं गवत कापलं आणि तुरुंग भोगला. त्यांची नावं त्या दगडावर कोरलेली आहेत. दगड मोहदरीच्या माणसांचा आणि उभा मात्र सावळ्याच्या फाट्यावर, असं का, हे आमच्या गावात कुणी विचारत नसे. विचारलं की म्हातारी माणसं तोंड फिरवत.

झालं होतं ते असं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा हा दगड बुलढाण्याहून निघाला. आमच्या गावाला ट्रक येईल असा रस्ता नव्हता, म्हणून शेवटची खेप सावळ्याच्या पंजाबरावांच्या बैलबंडीला मिळाली. फाट्यावरच बंडीचा आस मोडला. रस्ता अडू नये म्हणून लोकांनी दगड कडेला उभा केला, आणि धूळ बसू नये म्हणून पंजाबरावांनी आपली अंगावरची चादर त्यावर टाकली. तेवढ्यात उद्घाटनाचे बडे पाहुणे मोटारीतून आले. त्यांना वाटलं, कार्यक्रम इथेच. उतरले, चादर ओढली, हार घातला, फोटो काढला आणि आल्या वाटेनं परत गेले. इकडे मोहदरीत तोरणं बांधून, शिऱ्याची कढई चुलीवर ठेवून, लेझमीवाली पोरं उन्हात उभी.

आमचं गाव रुसलं. तसा रुसवा जावयालाही जमायचा नाही. "दगड तिकडंच राहू द्या" म्हणाले, आणि पन्नास वर्षं कुणी तिकडे फिरकलं नाही. आपल्याच आजोबांवर रुसणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

झुंबरबाई पंजाबरावांच्या सून. त्या नव्यानं नांदायला आल्या तेव्हा सासरा रोज फाट्यावर जाऊन दगड पुसायचा. "मले म्हनत, पोरी, कबूल केलेला माल वाटेत राह्यला माह्यानं," त्या सांगत होत्या. पोळ्याला तोरणाखाली जायच्या आधी पंजाबराव बैलांना दगडापाशी नेत आणि हिरव्या गवताची पेंढी तिथे ठेवत. या माणसांनी गवतासाठी तुरुंग भोगला, तर पहिली पेंढी त्यांची. बघता बघता सगळा सावळा तसं करू लागला. पंजाबराव गेले, तेही "खेप राह्यली" म्हणतच. मग पुसायचं काम झुंबरबाईंकडे आलं.

आता रस्ता रुंद होणार होता. दगडावर लाल रंगाची फुली पडली. सावळ्याच्या लोकांचं म्हणणं, दगड आपल्या मारुतीपाशी नेऊ, इतकी वर्षं आपणच सांभाळला. एकट्या झुंबरबाई अडून बसल्या. दगड एकदा मारुतीपाशी रोवला गेला असता, तर सासऱ्याची खेप कायमची बुडाली असती. म्हणून त्या उठून सरळ आमच्याकडे आल्या होत्या.

मी लगेच क्रेनचं बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "बंडीनंच न्याचा. मामंजीनं बंडीचं कबूल केलतं."

आता बंडी आणायची कुठून? गावात घरटी ट्रॅक्टर. धड बंडी उरली होती एकट्या उत्तमरावांकडे, आणि रुसलेल्यांत पहिला नंबर त्यांचाच. त्या दिवशी लेझीम घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या पोरांतले ते एक. मी झुंबरबाईंना घेऊन त्यांच्या दारात गेलो.

"काऊन देऊ बंडी?" उत्तमराव गुरगुरले. "तुह्या सासऱ्यानं आमचा सोहळा बुडवला."

"हाव, बुडवला," झुंबरबाई म्हणाल्या. "जलमभर त्याचंच वाईट वाटून राह्यलं होतं त्याईले. दगडाले एक दिवस धूळ बसू नाही देली. तुमी आलते का कधी पाहाले?"

उत्तमराव उठले आणि बंडीसाठी वंगणाचा डबा शोधू लागले.

सावळ्याच्याच लोकांनी पहारी लावून दगड बंडीवर चढवला. दगड जातोय म्हणून मनातून रुसले असतील, पण एकानंही अंग चोरलं नाही. झुंबरबाईंनी घरून जुनी, विरलेली चादर आणली होती. तीच चादर. ती त्यांनी दगडावर घातली आणि एक हात दगडावर ठेवून बंडीत बसल्या. उत्तमरावांनी कासरा धरला. मी मागून पायी चाललो.

वेशीत बायकांनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, झुंबरबाईंना ओवाळलं. शाळेपुढे दगड उभा झाला. आता चादर कुणी काढायची? सरपंच पुढे झाले, तर उत्तमरावांनी त्यांना मागे ओढलं. "आमचा पाव्हना आज आला," ते म्हणाले. "काढ बाई तू."

झुंबरबाईंनी चादर काढली. पदरानं माझ्या आजोबांचं नाव पुसलं, मग बाकीची. पुसण्यासारखं काही नव्हतंच. मला राहवलं नाही, मी भर लोकांत त्यांच्या पाया पडलो. ज्या नावांना आम्ही घरची माणसं विसरलो, ती या बाईनं आणि तिच्या सासऱ्यानं पन्नास वर्षं जपली. हे उपकार कसे फिटणार, मला माहीत नाही. येत्या पोळ्याला आमची पहिली पेंढी दगडाला आणि दुसरी पंजाबरावांच्या दाराला जाणार, एवढं गावानं ठरवलंय.

झुंबरबाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. चादरीची नीट घडी करून त्यांनी ती छातीशी धरली आणि तिच्याशीच बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "मामंजी, पोचला बरं माल."