भट्टीच्या दाराची दोरी

बाबा गेल्यावर गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतली त्यांची शेड माझ्या नावावर झाली. लोखंडाचे सुटे भाग भट्टीत तापवून कडक करून द्यायचं त्यांचं छोटं युनिट होतं, ते कधीच बंद पडलं होतं. मी कॉलेजात शिकवते. त्या शेडचं काय करायचं हे मला सुचतच नव्हतं. गेल्या वर्षी एका पॅकिंगवाल्याने ती भाड्याने मागितली, पण अट घातली: आधी अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे करून घ्या.

मला वाटलं, छपराचे सिमेंटचे पत्रे बघतील, दोन कागद देतील, संपलं.

सर्व्हेला आलेली मुलगी माझ्या विद्यार्थिनींएवढीच दिसत होती. छपराचे तडे, भोकं, शेवाळ तिने खालूनच नीट बघितलं आणि नकाशावर खुणा केल्या.

"हे पत्रे जागच्या जागी राहिले तर फार काळजी नाही," ती म्हणाली. "सिमेंटमध्ये तंतू घट्ट धरलेले असतात. कापले, फोडले, भोकं पाडली की ते हवेत येतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात."

मग ती भट्टीपाशी गेली आणि थबकली. उष्णता बाहेर पडू नये म्हणून दाराच्या कडेने बसवलेली पांढरी दोरी पिंजून लोंबत होती.

"इथे कोणी साफसफाई केली का?"

"मीच. मागच्या आठवड्यात झाडून घेतलं."

मला बाहेर थांबवून तिने मास्क चढवला, दोरीवर पाणी फवारलं, नखाएवढा तुकडा कापून दुहेरी पिशवीत बंद केला. दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची आहे का हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, लॅबमध्येच कळतं, असं म्हणाली. जाताना तिने विचारलं, "इथे काम केलेलं कोणी आहे का? दोरी कुठे कापायचे, उरलेली कुठे जायची, हे भिंती सांगत नाहीत."

बाबांकडे शेवटपर्यंत काम केलेले काका जवळच राहायचे. मी त्याच दुपारी गेले. दोरी हाताने उसवायची, भिजवून भट्टीच्या फटीत भरायची, त्यांनी बसल्या बसल्या हातवारे करून दाखवलं. मग हसून गुजरातीत म्हणाले, "ने तारी आई लई जती ने, गणपती माटे!" उरलेली दोरी आई गणपतीसाठी घरी न्यायची.

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या गणपतीमागे दर वर्षी हिमालय असायचा. त्याचा बर्फ मी करायचे. पांढरा पिंजलेला गोळा बोटांनी सोडवायचा, पुठ्ठ्याच्या डोंगरावर पसरायचा, आणि वरून फुंकर मारायची. ते माझं आवडतं काम होतं.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच विचारलं, "आई, तो हिमालय कुठंय?"

"माळ्यावर. खोक्यात. का गं, यंदा करायचा?"

मी सांगितलं. तिने हातातल्या नॅपकिनची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"मऊ होतं म्हणून मी तुझ्या हातात दिलं गं," एवढंच म्हणाली.

सर्व्हेवाल्या मुलीला फोन लावला. "खोका खाली काढू नका, उघडू नका. मी येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने तो माळ्यावरच ओला करून प्लॅस्टिकमध्ये बंद केला.

रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पडदे दोनदा धुतले. वर्गात खडूची धूळ उडाली की वाक्य अर्धं राहायचं. आई खोकली की मी उठायचे, मी खोकले की ती.

पत्रे, दोरी, खोका; तिन्हींत अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. भट्टी आणि खोका प्रशिक्षित माणसांनी नेले. पत्रे रंगाचा थर देऊन तसेच ठेवले, दर वर्षी तपासायचे असं ठरलं. मी काकांना, आईला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. आम्हा दोघींचे एक्स-रे स्वच्छ होते. काकांच्या फुप्फुसाच्या आवरणावर जाडसर डाग होते. हा आजार नव्हे, तंतू आत गेल्याची खूण आहे, डॉक्टर म्हणाले. विडी सोडा, दर वर्षी दाखवा. काकांनी विडीचं बंडल टेबलावर ठेवलं आणि दारापर्यंत जाऊन परत उचललं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. ते रागावले नाहीत.

"आणि आमचं?" मी विचारलं.

"आज काही नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडा संपर्क, धोका कमीच. पण असल्या गोष्टी दिसायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून कायमचं काही लिहून देता येत नाही."

किल्ल्या देताना मी भाडेकरूला रिपोर्ट उघडून दाखवला. "छपराला ड्रिल लावायचं नाही. पत्रा फुटला तर झाडायचं नाही, मला फोन करायचा."

"हो हो, बेन," तो फोनकडे बघत म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. तरी राहवेना. दुसऱ्या दिवशी गुजरातीत पाटी करून घेतली आणि स्वतः नेऊन दाराशी लावली. त्यानंतर दोनदा काही कारण काढून तिकडून गेले, आत ड्रिलचा आवाज येतोय का ऐकायला.