पेट्रोल पिणारं घर

पेट्रोल भडकलंय, ते सगळ्यांनाच. पण माझ्या जीपमागं चाकांवरचं घर जोडलं की टाकी अर्ध्या वाटेत खडखडाट! आणि तुम्ही जत्रेतले सगळे दुकानदार मला एकच सांगत होता, "अक्का, तुमचा ड्रायव्हर पेट्रोल विकतो. हाकला त्याला."

मी ऐकलं. आज सकाळी चोपडा गाव सोडताना ड्रायव्हर सुपडूभाऊंना तोंडावर चोर म्हटलं. ते एवढंच बोलले, "शिरपूरला पोचवतो, मग किल्ली घ्या."

वाटेत एका बैलगाडीवाल्या आबांनी हात करून थांबवलं. "अक्का, लाकूड जळाना वास यी ऱ्हायना! जीप घर वढी ऱ्हायनी का वावर नांगरी ऱ्हायनी?"

खरंच जळका वास येत होता. वाकून बघितलं. घराच्या मागच्या चाकावर ब्रेकचा लाकडी ठोकळा घासत होता. जत्रेत घर हलू नये म्हणून तो मी आवळते, निघताना सोडतेही मीच. दुसऱ्याला हात लावू देत नाही. नीट सोडलाच नव्हता. किती खेपा असं झालं, देव जाणे.

आबांनी तो सैल करून दिला आणि नावही न सांगता निघून गेले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. शिरपूरला पोचलो तरी टाकीत पेट्रोल होतं.

सुपडूभाऊंपुढं हात जोडले. म्हणाले, "राहू द्या, आधी चहा टाका." किल्ली त्यांच्याकडेच आहे.

मी माफी मागितली. त्यांना चोर म्हणणाऱ्या प्रत्येकानं सोमवारपर्यंत कळवावं, शिरपूरला येऊन त्यांची माफी मागणार की नाही?