परांचीचं प्रथिन आणि भावाची सुपारी

जळगावच्या एका प्रयोगशाळेत मी उंदराच्या स्नायूंच्या पेशी वाढवते. आई म्हणायची, "एवढं शिकून उंदरंच पाळायची होती, तर घरात काय कमी होती?" आता हिला काय डोंबल सांगायचं! बशीत पेशी सुट्या असतात. त्यांचं खाणं कमी केलं की त्या वाढायच्या थांबतात, एकमेकींना चिकटतात, मिसळतात आणि लांब धागा होतो. तोच स्नायू. हे करा असा निरोप पेशीच्या आत तीन-चार प्रथिनं पुढे देत जातात आणि त्यांना एका जागी धरून ठेवणारं एक वेगळंच प्रथिन असतं. ते स्वतः काही करत नाही, नुसतं धरतं. घर बांधताना परांची बांधतात, तसं.

धरणारं जास्त असलं की काम लवकर होईल, असं मला वाटलं. मी ते भरमसाट वाढवलं. आठ दिवस गेले, एक धागा होईना. मी सगळ्यांवर चिडले, उपकरणांवरसुद्धा. आमचे सर हसले. "अहो, लग्नाच्या बैठकीत मध्यस्थच दहा झाले तर? मुलाकडचे एकापाशी बसतील, मुलीकडचे दुसऱ्यापाशी. सुपारी फुटणार कशी?" मला चटकन पटलं, कारण त्याच रविवारी माझ्या धाकट्या भावाची सुपारी होती.

आमचं गाव शिरपूरकडचं. मुलगी पहूरच्या मामाचीच. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, त्यामुळे कुणी जास्त विचारलंही नव्हतं. मी आदल्या दिवशी पोचले. भाऊ जेवून पाटावरून उठला, तो आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उठला. माझ्या हातातला घास तसाच राहिला. हे उठणं मी स्नायूंच्या आजारांच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

"वर्षभर असंच करतोय, आळशी मेला," आई म्हणाली. "म्हणून मुद्दाम कापसाची मोठी गाठोडी उचलायला लावते. अंग कष्टलं की ताकद येते." असे स्नायू ओझ्यानं उलट फाटतात. आईचा मामाही तरुणपणीच असा अंथरुणाला खिळला होता. अंगावरून वारं गेलं, म्हणत घरात.

मी भावाला कापसाच्या खोलीत ओढलं. "खरं सांग, कुठं दाखवलंस?"

त्यानं गुपचूप पाकिटातून घडी केलेला कागद काढला. धुळ्याला एकटाच जाऊन आला होता. कागदावर एका प्रथिनाचं नाव होतं. माझ्या बशीतलं नव्हे, पण कामाला त्याच जातीचं: स्नायूच्या पेशीची भिंत फाटू नये म्हणून धरून ठेवणारं. भावाच्या अंगात ते बनतच नव्हतं. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, नात्यात लग्न असेल तर मुलीचं रक्त आधी तपासावं.

"अरे, तिला सांग! मामाच्या घरातून तिच्यातही हा दोष आला असला तर पोरांनाही हेच होईल, कळतंय का तुला?" मी ओरडलेच.

"हळू बोल, अक्का. माले बठ्ठं ठाउक शे." सगळं ठाऊक असल्याचं सांगत तो कापसावर बसला. "आते माय थकनी. उद्या माले कोन उचली?"

आई थकली, आता त्याला उचलायला बायको हवी होती. माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी त्याच्याशेजारी बसून रडले. रागावण्यासारखं त्यानं केलंच होतं, तरी मला रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. मामा हातात सुपारी घेऊन थांबले आणि माझ्याकडं वळले. "तू घरातली शिकलेली. अंगा-रक्तातलं तुलाच कळतं. काही अडचण नाही ना, बाई?" मुलगी चौकटीला टेकून उभी होती. तीही माझ्याकडंच बघत होती. समोर भाऊ मान खाली घालून बसला होता.

"काही नाही, मामा," मी म्हटलं. "फोडा."

लग्न होऊन वर्ष व्हायचंय. मी बशीतल्या पेशी बघत बसते, पण घरचा फोन वाजला की लगेच उचलत नाही. मागच्या आठवड्यात भावजयीचाच फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"अक्का, दिवस गेलेत मला. अजून कुणालाच नाही सांगितलं. सगळ्यांत आधी तुम्हाला."