उभी बाई
डांबरगोळ्यांच्या वासाची ती हिरवी पैठणी कपाटातून निघाली की माझं डोकं आजही तापतं. पुंडलिकनगरच्या घरातून साड्या विकणारी आई ती नेसून, पदरावरचा मोर दिसेल अशी दारात उभी राहिली होती आणि मी फोन उभा धरून व्हिडिओ काढला होता. तिच्या साड्यांची वेबसाइट करणाऱ्या पोरानं तो आडव्या पट्टीत कोंबला. ते बघून आई म्हणाली, "माझं तोंड कुठं गेलं गं? निस्तं पोटच दिसायलंय." तो म्हणाला, "वेबसाइट आडवीच असते मॅडम, वरखाली कापावंच लागतं." माझं टाळकंच सटकलं. "बाया फोन उभाच धरून साड्या बघतात ना? माणसाला आडवं तिरडीवर करतात! अख्खी बाई दाखव, बाजूच्या जागेत भाव लिही." "तोंड सांभाळ," आई पुटपुटली, पण हसली. त्यानं तसं केलं. आता आई अंथरुणाला खिळली आहे. नातेवाईक तिच्या उशाशी बसून "आता काय राहिलंय" म्हणतात, तेव्हा मी तोच व्हिडिओ त्यांच्या तोंडापुढं धरते. म्हणते, ही बघा माझी आई. उभी.