वस्तादांची हुंगणी

व्यसनमुक्तीवर भाषण द्यायला मी तंबाखू मळत मळतच तालमीत गेलो. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद बोलतात कमी, हुंगतात जास्त. मैदानामागं गांजा मिळायला लागल्यापासून ते दारातच प्रत्येक पोराचा हात हुंगतात. वास आला तर ओरडत नाहीत, कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायला लावतात.

त्यांनी माझाही हात हुंगला आणि फावडं पुढं केलं.

"वस्ताद, मी प्रमुख पाहुणा हाय की!"

"आज तुमास्नी सोडलं, तर उद्या ह्या पोरांस्नी कुठल्या तोंडानं अडवू?"

मी इस्त्रीच्या पँटीत हौद्यात उतरलो. थोड्याच वेळात मला अशी धाप लागली की फावड्यालाच टेकून उभा राहिलो.

वस्ताद पोरांकडं वळले. "नीट बघा रं. पावण्यांचं भाषण चालू झालंय."