रविवारी भरणारी शाळा

पोस्टकार्ड आलं नसतं तर मी त्या पाड्यावर कधीच गेले नसते, हे आधीच कबूल करून टाकते. त्यावर चारच ओळी होत्या. "आपल्या अहवालामुळे आमची शाळा बंद होणार असे समजले. शाळेत मुले आहेत. येऊन मोजा. शक्यतो रविवारी यावे." खाली पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या गुरुजींची सही.

ही गोष्ट मोबाईल अजून मोजक्याच लोकांच्या खिशात होते तेव्हाची. मी नाशिकच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवत होते. आमच्या कॉलेजची आणि राज्याच्या शिक्षण खात्याची नवी नवी भागीदारी झाली होती. आम्ही संशोधन करायचं आणि खात्यानं त्यावरून धोरण ठरवायचं. पहिलाच प्रश्न होता, कमी हजेरीच्या छोट्या शाळा बंद करून मुलं शेजारच्या मोठ्या शाळेत पाठवावीत का? फॉर्म मी बनवला, विद्यार्थी पाड्यापाड्यांवर जाऊन मुलं मोजून आले आणि यादी वर गेली. हजेरीपटावर विश्वास ठेवायचा नाही, समोर बसलेली डोकी मोजायची, याचा आम्हाला भारी अभिमान. या गुरुजींच्या शाळेत पहिल्या फेरीत तीन डोकी भरली, दुसऱ्या फेरीत चार.

आमच्या प्रमुख सरांनी पोस्टकार्ड वाचून माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, बंद होणाऱ्या शाळेचा प्रत्येक मास्तर हेच म्हणतो. दोनदा मोजलंय आपण. आकडे वर गेलेत. आता उगाच काड्या करू नका."

मला तोवर काड्या करायची सवय नव्हती. पण "येऊन मोजा" हे दोन शब्द टोचत राहिले. मोजणं हे तर माझं काम! शनिवारी सकाळी पिशवीत शाल आणि कोरे फॉर्म टाकून मी पंचवटीतून पेठ फाट्यावर गेले आणि एस.टी. पकडली. तिकीट तेव्हा तीस रुपयांच्या आत होतं. डावीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. सावळघाट लागला की गाडी हळू होते, गवत पिवळं पडलेलं दिसतं आणि शहरात डोक्यात साठलेला गलका खाली बसतो. निदान माझा तरी बसला.

पेठला उतरून मिसळ खाल्ली. (तर्री मागून घ्या, आपणहून वाढत नाहीत.) मग जीप शोधायला लागले. पाडा तिथून सात-आठ किलोमीटर.

"तिकडं आज कुठली जीप, ताई?" टपावर पाय सोडून बसलेला ड्रायव्हर म्हणाला. "तिकडची जीप फकस्त बाजाराच्या दिवशी."

"आणि एरवी?"

"एरवी पाय हायेत की."

मी हसले आणि चालायला लागले. तो काय सांगून गेला ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. वाट सोपी आहे, फक्त पाणी जवळ ठेवा आणि ऊन व्हायच्या आत निघा. शेवटी एक नदी लागते. थंडीत तिच्यात घोट्याएवढं पाणी असतं, चपला हातात घेतल्या की पार.

पोचले तेव्हा दुपार झाली होती. शनिवारची शाळा सकाळचीच, तिला कुलूप. गुरुजी मूळचे कळवणकडचे, बायकोसह पाड्यावरच राहत. चाळिशीतला, किरकोळ अंगाचा माणूस. त्यांनी माझं स्वागत वगैरे केलं नाही. आधी जेवायला बसवलं. नागलीची गरम भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. मी तिसरी भाकर घेतली तेव्हा कुठे त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"गुरुजी, उद्या रविवार. मग मोजायचं काय?"

"उद्या बघाल ना," एवढंच म्हणाले.

सकाळी चहाचा कप हातात होता आणि घंटा वाजली. रुळाच्या तुकड्यावर दगड मारून वाजवलेली, खणखणीत. झोपड्यांमधून मुलं निघाली. ओले केस चापून बसवलेली, कडेवर धाकटं भावंड घेतलेली, पाटी डोक्यावर धरलेली. मी ओसरीवर उभी राहून मोजत होते. पंधरा झाली, वीस झाली, सव्वीसवर थांबली. चौथीची मुलगी पहिलीतल्यांना वाचून दाखवत होती आणि गुरुजी फळ्यावर वजाबाकी मांडत होते. रविवारी!

दारात एक बाई टेकून उभी होती. सोनाबाई, तिची मुलगी पहिलीत. मी तिला विचारलं, हे काय चाललंय?

"बाजाराच्या दिशी सगळा पाडा जातो, ताई. मोठी पोरां वझी उचलतात, बारकी मागं मागं. घरी ठेवून सांभाळंल कोन? त्या दिशी शाळा रिकामी. मंग गुरुजी म्हनले, त्या दिसाची शाळा रविवारी करू. आमी धाडतो."

आणि मला ड्रायव्हरचं बोलणं आठवलं. आमचे विद्यार्थी नाशिकहून यायचे, जीप मिळेल त्याच दिवशी पाड्यावर पोचायचे. जीप फक्त बाजाराच्या दिवशी. ज्या दिवशी मुलं जीपमधून खाली जात होती, त्याच दिवशी त्याच जीपमधून आम्ही मुलं मोजायला वर येत होतो! दोन्ही फेऱ्यांत हेच झालं. फॉर्मवर तारखेची जागा होती, आज बाजार आहे का हे विचारणारी नव्हती. आणि फॉर्म माझा होता.

मला रडू आलं, म्हणजे अगदी खरंखुरं. सोनाबाईनं ते पाहिलं आणि जराही दया दाखवली नाही.

"मोठी शाळा नदीपल्याड हाय. पावसात नदी भरती. माझी पोर सहा वर्सांची. तिला कोन पार करील? तुमी येनार?"

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना म्हटलं, "हे लिहिलं तर खात्याला कळेल, तुम्ही परवानगीशिवाय सुट्टीत शाळा भरवता."

"लिहा की. माझं नाव घालून लिहा. चोरी नाही केली मी." मग पाट्या रचता रचता म्हणाले, "तीनदा परवानगी मागितली. उत्तर नाही आलं. उत्तराची वाट बघत पोरांना बसवून ठेवू?"

परतीची वाट मी रागात चालले. राग कुणावर? आधी स्वतःवर. पेठला पोचेपर्यंत मात्र तो बराच वर, पार खात्यापर्यंत सरकला होता.

सोमवारी सर म्हणाले, "भागीदारी टिकवायची असेल तर चूक आपली आहे असं लेखी देऊन चालत नाही."

"चूक लपवून टिकणार असेल तर मोडू दे," मी म्हटलं. "नाहीतर अहवालातून माझं नाव काढा, आणि का काढलं तेही तिथेच लिहा."

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण खात्याच्या बैठकीला मला घेऊन गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मोठे साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "रविवारी शाळा? कोणाच्या हुकमानं?"

"साहेब, तो प्रश्न नंतर विचारा. आधी आमची यादी थांबवा. मुलं गैरहजर नव्हती, आम्ही चुकीच्या दिवशी हजर होतो."

मग साहेबांनी विचारलं, पुन्हा मोजायला किती दिवस लागतील?

आम्ही पुन्हा मोजलं, या वेळी चालत जाऊन. यादी आक्रसली. डोंगरातल्या पाड्यांना साप्ताहिक सुट्टी बाजाराच्या दिवशी घेण्याची मुभा मिळाली, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर बाजाराचा रकाना आला. पण दोन शाळांना आम्ही पोचायच्या आतच कुलूप लागलं होतं. ती कुलपं माझ्या फॉर्मनं लावली. संशोधनानं धोरण घडतं असं कोणी व्यासपीठावरून कौतुकानं सांगितलं की मला त्या दोन शाळा आठवतात आणि टाळ्या वाजवायला हात उठत नाहीत.

मुभा मिळाली, तरी जुन्या रविवारांबद्दल गुरुजींना नोटीस आलीच. परवानगी नसताना सुट्टीच्या दिवशी शाळा का भरवली, याचा खुलासा करावा. त्यांनी दिलेल्या खुलाशाची नक्कल मला पोस्टकार्डावर आली. ते अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एकच ओळ: "मुले आली म्हणून."

तिकडे जाणार असाल तर पाणी, शाल आणि चालायची तयारी ठेवा. बाजाराच्या दिवशी जीप मिळेल, पण पाड्यावर कोणी भेटणार नाही. त्यापेक्षा रविवारी जा. शाळा चालू असते.